डोल्या म्हना

आधीच सांगून टाकतो, मी शास्त्रज्ञ नव्हतो. मासळीच्या संशोधनाचं एक सरकारी खातं होतं, त्याचं पनवेलला खाडीच्या अंगाला दोन खोल्यांचं केंद्र होतं, आणि त्या दोन खोल्यांत मी नमुना-सहायक होतो. खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यातल्या काहीजणांकडे माझं अजून जाणंयेणं आहे आणि ते मला बिघडवायचं नाही. नमुना-सहायक म्हणजे मेलेले मासे बाटल्यांत भरून, त्यांना चिठ्ठ्या बांधून, वर्षानुवर्षं सडू न देणारा माणूस. आसपासच्या गावांत मला 'बाटलीवाले भाऊ' म्हणायचे. दारूबंदी नुकतीच आलेली होती, तेव्हा हे नाव चारचौघांत मिरवण्यासारखं नव्हतं.

अंकाच्या संपादकांनी मला 'संशोधनातले रोमांचक क्षण' लिहायला सांगितलं आहे. त्यांची कल्पना अशी दिसते की कुणीतरी पाण्यात जाळं टाकतं, कधी न पाहिलेला मासा वर येतो आणि शास्त्रज्ञ आनंदानं ओरडतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी शास्त्रज्ञाला एकदाच ओरडताना ऐकलं, आणि ते सुद्धा मी त्यांच्या चित्रावर शाई सांडली म्हणून.

नवी जात पाण्यात सापडत नाही, टेबलावर सापडते. तीही पुष्कळदा मासा मरून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर. मासा आणायचा, फॉर्मेलिनमध्ये ताठ करायचा, तेव्हा डोळ्यांना आणि नाकाला जी आग लागते ती सोसायची, मग धुऊन स्पिरिटमध्ये ठेवायचा. मेणाच्या थाळीत त्याचे पर टाचण्यांनी पसरायचे आणि मोजत बसायचं. पाठीवरच्या परात काटे किती, कुशीवर एका ओळीत खवले किती, डोळा डोक्याच्या कितवा हिस्सा. सुईच्या टोकानं एकेक खवला उचलून मोजायचा. मध्येच शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून. मग जुने ग्रंथ काढायचे, मुंबईहून जुन्या बाटल्या मागवायच्या आणि आपला मासा त्यांच्या शेजारी ठेवून बघायचा. बहुतेक वेळा तो जुनाच निघतो. क्वचित एखादा कशाशीच जुळत नाही. अशा वेळी माणूस ओरडत नाही, घाबरतो. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत राहतं.

एवढं होऊनही जुळलं नाही, तर त्यातला एक मासा निवडायचा. तो त्या जातीचा मूळ नमुना. पुढे कुणी वाद घातला तर सगळ्यांनी त्या एका बाटलीपाशी यायचं. मग वर्णन लिहायचं, चित्र काढायचं, नाव ठेवायचं आणि छापायचं. जो आधी छापेल त्याचं नाव लागतं. दुसऱ्यानं त्या माशापायी डोळे घालवले असले तरी त्याला कुणी विचारत नाही.

नाव ठेवायचं म्हटलं की लोकांना भलताच उत्साह. बाजारपेठेतले एक सद्गृहस्थ एकदा केंद्रात आले. त्यांच्या वडिलांचं नाव एखाद्या माशाला देता येईल का, अशी त्यांची विचारणा होती. केंद्राचे शास्त्रज्ञ, आमचे डॉक्टर, म्हणाले, "आधी मासा आणा." दुसऱ्या दिवशी ते खरोखरच केळीच्या पानात गुंडाळून पापलेट घेऊन आले. डॉक्टर त्या पापलेटाकडे आणि मी डॉक्टरांकडे बघत राहिलो. गृहस्थ गेल्यावर पापलेट माझ्या घरी गेलं.

आणि पळस्प्याचा नाका. पेणकडचे नमुने घेऊन मी एस.टी.नं पनवेलला परतत होतो. नाक्यावर झडती चालू होती. हवालदारानं माझ्या पिशवीतल्या बाटलीचं बूच काढून नाक लावलं आणि विजयानं माझ्याकडे बघितलं. मी परवाना दाखवला. "परवाना काय, सगल्यांकडंच असतो," असं म्हणून त्यानं बाटली उजेडात धरली. आत वाम होती, सापासारखी लांब, तोंड वासून त्याच्याकडेच बघत असलेली. हवालदार दोन पावलं मागे सरला. "हे पिता तुमी?" असं त्यानं विचारलं, ते इतक्या कळकळीनं की मला हसूसुद्धा आलं नाही. पंचनाम्यात त्यानं लिहिलं, 'एक बाटली, आत साप, मालक शुद्धीत.'

असो. हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. आता जे सांगणार आहे ते तसं नाही, आणि ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

केंद्राचे प्रमुख होते डॉ. टिपणीस. प्रमुख म्हणजे त्यांच्या हाताखाली मी एकटा. वाढलेले बडोद्याला, त्यामुळे मराठी स्वच्छ पण पुस्तकी. खाडीकाठची बोली त्यांना निम्मी कळायची, उरलेली मी सांगायचो. मी पडलो पनवेलचा, लाइन आळीत वाढलेला. आपल्याला इथलं सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत.

डॉक्टरांनी एका कोलंबीवर चार वर्षं घालवली होती. नवी जात होती, त्यात शंका नव्हती. शेवटचं चित्र मनासारखं होईना म्हणून त्यांनी दोन महिने थांबायचं ठरवलं. त्या दोन महिन्यांत परदेशातून एक मासिक आलं. त्यात तीच कोलंबी, दुसऱ्याच्या नावावर. मी तेव्हा खोलीत होतो. डॉक्टरांनी पान पुन्हा वाचलं, मासिक बंद केलं आणि मला म्हणाले, "कर्णिक, चहा सांगा." मी चहा आणला, तो तसाच गार झाला. त्या दिवसानंतर त्यांना नोकरी संपायच्या आत एक जात, निदान एक, आपल्या नावावर हवी होती. तसं ते बोलून दाखवत नसत, पण माझ्यापासून काय लपणार? दोनच वर्षं उरली होती.

आणि मग निवटी आली.

पनवेल-उरणच्या माणसाला निवटी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. खाडीच्या चिखलात राहणारा वीतभर मासा. डोळे डोक्यावर बटणं शिवल्यासारखे. ओहोटीला पाणी उतरलं की हा चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, आणि आपलं पाऊल वाजलं की बिळात गडप. कालवण झकास होतं. उलव्याच्या बाजूला खाडीचा एक फाटा आत शिरला होता, तिथल्या निवट्या मी आणल्या. मुंबईच्या जुन्या बाटल्यांतल्या निवट्यांपेक्षा त्या डॉक्टरांना वेगळ्या वाटल्या. पाठीवरचा पर उंच, त्यावरचे निळे ठिपके दाट, आणि खवले थोडे जास्त. खवल्यांचं सोडा, ते इतके बारीक की माझी आणि त्यांची मोजणी दोनदा जुळायची, तिसऱ्यांदा नाही.

"फरक आहे, पण तो जातीचा की नुसता गावाचा?" डॉक्टर म्हणाले. महिनाभर ते ह्याच प्रश्नावर अडकून होते. मग एक दिवस म्हणाले, "आपण तिथल्या लोकांना विचारू. ज्यांचा जन्म त्या चिखलात गेला, त्यांना दोन मासे वेगळे वाटत असतील तर ते वेगळे असतात."

हा विचार चुकीचा नव्हता, आजही मी तेच म्हणेन. पण विचारणारा होतो मी.

त्या फाट्यातला चिखल वहिवाटीनं एकाच घराचा होता. हिरूबाय आणि तिच्या दोन सुना तिथे निवट्या धरायच्या. गुडघाभर चिखलात बसून बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, हे बायकांचं काम. मुलगे होडीवर. हिरूबायचा नवरा पूर्वी स्वतः होडी चालवायचा म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणत. आम्ही गेलो तेव्हा तो दम्यानं खिळलेला होता, दारातल्या खाटेवर बसून जाळं विणत होता. दोन गाठी मारायच्या, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन गाठी. हिरूबायचं सगळं लक्ष त्या श्वासाकडे. आमच्याशी बोलतानाही तिचा एक कान खाटेकडे असायचा.

मी बाटली पुढे केली. "हिरूबाय, ही निवटी ना?"

तिनं बाटलीकडे बघितलं, खाटेकडे बघितलं आणि पदर तोंडापाशी ओढला.

"डोल्या," ती म्हणाली. "डोल्या म्हना."

"म्हणजे निवटी नाही?"

"डोल्या म्हना, भाऊ. आमच्या घरात समद्या डोल्याच म्हनतात."

मी थोरल्या सुनेला विचारलं. "डोल्या." धाकटीला विचारलं. ती हसली, मान वळवून म्हणाली, "डोल्याच." डॉक्टर वहीत लिहीत होते. डोळे वर असलेला तो डोळ्या, त्यांच्या बोलीत डोल्या, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

"मग निवटी कशी दिसते, ते विचारा," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं. हिरूबाय घाबरीघुबरी झाली. पदराआडून म्हणाली, "इतं नको ती."

मी डॉक्टरांना सांगितलं, "ती इथे नाही म्हणते."

नको आणि नाही ह्यांत फरक आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. मला जे हवं होतं ते मी ऐकलं.

मग डॉक्टरांनी खुद्द नाखव्याला विचारलं, "तुम्ही काय म्हणता ह्या माशाला?" नाखवा हसला आणि हसता हसता खोकला. जरा दम घेऊन म्हणाला, "तिचं खरं, सायेब. चिखल तिचा. पन डोल्या हाय तो माज्यामुलंच."

"गप बसा तुमी," हिरूबाय म्हणाली. सुना पदरात तोंड घालून हसत होत्या.

ह्याचा अर्थ मी डॉक्टरांना असा सांगितला की हा मासा वेगळा आहे हे पहिल्यांदा ह्या नाखव्याच्या लक्षात आलं. डॉक्टर उठून त्याच्या खाटेपाशी गेले आणि त्याचा हात हातात घेतला. निबंधात त्यांनी त्याचे आभार मानले, 'ह्या जातीकडे प्रथम लक्ष वेधणारे स्थानिक नाखवा' असे. त्याचं नाव काय, हे विचारायचं माझं काम होतं. मी विचारलं नाही. बाटलीत पडणाऱ्या प्रत्येक माशाला जागा, तारीख, पाणी खारं की मचूळ, सगळं लिहिलेली चिठ्ठी बांधणारा मी, त्या माणसाला नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढचे नऊ महिने डॉक्टरांनी दुसरं काही केलं नाही. ह्या वेळी चित्रासाठी थांबायचं नव्हतं. त्यांनी नव्या जातीला 'डोल्या' हेच नाव लॅटिन वळणावर नेऊन दिलं. आणि निबंधात, फरक जिथे कच्चा होता तिथे, भक्कम वाक्य घातलं. स्थानिक लोक ह्या दोन माशांना दोन वेगळ्या नावांनी ओळखतात आणि दुसरा मासा ह्या फाट्यात सापडत नाही. ते वाक्य माझ्या शब्दावर उभं होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही इथे लिहून ठेवतो.

निबंध छापून आला. डॉक्टरांनी सबंध केंद्राला, म्हणजे मला, पेढे दिले. खोलीत चालता चालता ते मधूनच थांबायचे, छापील पान उघडायचे, आपलं नाव बघायचे आणि मिटून ठेवायचे. मुंबईच्या कार्यालयानं त्यांचा छोटासा सत्कार ठरवला. मला त्यांनी निबंधाची एक प्रत दिली. "ही हिरूबाईंना नेऊन द्या. त्यांना वाचता येणार नाही, पण मासा त्यांचा आहे."

मी प्रत आणि उरलेले पेढे घेऊन निघालो. मधल्या वर्षभरात त्या बाजूला माझं जाणं झालं नव्हतं. ओहोटीची दुपार होती. हिरूबाय अंगणात टोपली घेऊन बसली होती आणि शेजारची एक बाई मासळी घ्यायला आली होती. मी कुंपणापाशी पोचलो तोच हिरूबायचा आवाज ऐकू आला.

"घे गं, निवट्या ताज्या हायत."

मी तिथेच थांबलो. टोपलीत तेच मासे होते. उंच पर, निळे ठिपके.

"हिरूबाय, ह्या कुठल्या निवट्या?" मी विचारलं. "पलीकडच्या खाडीतल्या?"

"इतल्याच की," ती म्हणाली. "तुमच्या बाटलीत होत्या त्याच."

"त्या तर डोल्या ना?"

तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं, तेव्हा मला तिचं कपाळ दिसलं. मोकळं होतं. हातात बांगड्या नव्हत्या. दारातली खाट उचलून भिंतीला उभी केलेली होती.

"आमच्या मानसाचं नाव निवृत्ती," हिरूबाय म्हणाली. "गावातली म्हातारी मानसं त्याला निवट्याच म्हनायची. मंग मी कशी तोंडात घेनार ती निवटी? त्याला आदीच दम पुरत नव्हता. सुनांनापन ताकीद होती. म्हनून आमी डोल्या म्हनायचो, तुमालापन म्हटलं, डोल्या म्हना." तिनं टोपलीत हात घातला, एक निवटी उचलली आणि पुन्हा टाकली. "शिमग्यात गेला तो. आता म्हनते मी. आता कुनाचं आयुष कमी व्हायचं हाय?"

मी कुंपणाचा बांबू धरला. नाखवा गेला ह्याचं दुःख आधी व्हायला हवं होतं, पण खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांसमोर आधी ते छापील वाक्य आलं. मग तिचा शब्द आठवला. ती नुसतं 'म्हनतात' म्हणाली नव्हती, आधी 'म्हना' म्हणाली होती. ती मला माशाचं नाव सांगत नव्हती. माझा नवरा समोर बसलाय, त्याचं नाव माशासाठी उच्चारू नका, असं ती मला विनवत होती. आणि नाखवा म्हणत होता की हे माझ्यामुळे. सुना त्यावर हसत होत्या. एका अंगणात चार माणसांना ठाऊक होतं, फक्त आम्हा दोन शहाण्यांना नव्हतं.

डॉक्टरांचं एक वेळ सोडून देऊ. माझं काय? माझ्या वडिलांचं नाव गुरुनाथ. माझ्या आईनं उभ्या जन्मात गुरुवार हा शब्द उच्चारला नाही. ती 'दत्ताचा वार' म्हणायची. लहानपणी आठवड्याचे वार मी तिच्याकडून शिकलो आणि शाळेत बुधवारनंतर दत्ताचा वार म्हणून मार खाल्ला. असं घर असलेला माणूस त्या अंगणात उभा होता आणि त्याला काही कळलं नाही. का, तर ती चिखलातली बाई आणि मी सरकारी बाटलीवाला. माझ्या घरातली रीत तिच्या घरात असेल, असं मला वाटलंच नाही. ह्या गोष्टीचा धक्का मला माशापेक्षा जास्त बसला, आणि तो अजून गेलेला नाही.

पेढे मी तिला देऊ शकलो नाही. प्रतही नाही. दोन्ही घेऊन परत आलो.

त्यानंतर आठ दिवस मी गप्प बसलो. हे लिहायला मला जड जातं आहे. डॉक्टर सत्काराच्या दिवशी काय बोलायचं ते कागदावर उतरवत होते. ते मला वाचून दाखवत, 'आमचे सहकारी कर्णिक' असं त्यात होतं. कोण जाणार होतं त्या फाट्यात? कोण विचारणार होतं? मी स्वतःला सांगत होतो की म्हाताऱ्या माणसाचं एवढं सुख आपण का मोडायचं. खरं म्हणजे मला माझं तोंड लपवायचं होतं.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला नवी चिठ्ठी लिहायला दिली, मूळ नमुन्याच्या बाटलीत घालायची. स्थानिक नाव, डोल्या. मी टाक बुडवला आणि तसाच खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, त्यांच्याकडे न बघता.

मला वाटलं, आता चहा सांगतील. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"ते कधी गेले?" त्यांनी विचारलं.

"शिमग्यात."

"आणि आपण त्यांच्यासमोर किती वेळा म्हटलं ते नाव?"

मी मोजलं नव्हतं. पाच-सहा वेळा तरी म्हटलं असणार.

त्या दिवशी त्यांनी मला पनवेलच्या खाडीवर पाठवून ताज्या निवट्या आणवल्या, सगळ्या जगाला निवट्या म्हणून ठाऊक असलेल्या. त्या थाळीत पसरल्या आणि शेजारी आमचा मूळ नमुना ठेवला. उंच पर, दाट ठिपके. काही फरक नव्हता. आम्ही आमचे ताजे मासे मुंबईच्या जुन्या बाटल्यांशी ताडून पाहिले होते. त्या बाटल्यांतल्या निवट्या वर्षानुवर्षं स्पिरिटमध्ये आक्रसल्या होत्या, त्यांचे रंग उडाले होते. ताज्याला ताजी लावून बघायचं हे साधं काम आम्ही केलं नव्हतं. घाई होती, आणि हातात हिरूबायचा शब्द होता. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तीनदा खवले मोजले. ह्या वेळी आमच्या दोघांची मोजणी जुळली.

"साहेब, हे कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

ते माझ्यावर भडकले. शाई सांडली होती तेव्हासारखे ओरडले मात्र नाहीत. "मला कळलंय ना? तुम्हाला कळलंय ना? मग अजून कुणाला कळायला हवं?" थोड्या वेळानं शांत होऊन म्हणाले, "तुम्ही चुकीचं ऐकलंत, कर्णिक. पण मला तेच ऐकायचं होतं, ते तुम्हाला माहीत होतं." त्यांनी त्याच टेबलावर सत्कार नको असल्याचं पत्र लिहिलं. मग दुरुस्तीचं टिपण लिहायला घेतलं. आपली नवी जात नवी नाही, ती जुनीच निवटी आहे, असं आपल्याच सहीनं. अर्धं पानसुद्धा झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांची नोकरी संपली. त्यांच्या नावावर एकही जात नाही.

टिपण पाठवल्यावर ते म्हणाले, "मला त्या बाईंकडे न्या."

आम्ही गेलो तेव्हा हिरूबायनं भिंतीची खाट काढून आम्हाला बसायला घातली. डॉक्टर बसले नाहीत, उभेच राहिले. आपल्या पुस्तकी मराठीत त्यांनी तिला सांगितलं की आम्ही तुमच्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावला, तुमचा मासा नवा नव्हता, आणि तुमच्या यजमानांसमोर आम्ही जे बोललो त्याबद्दल क्षमा करा.

हिरूबायला पहिलं काही कळलं नाही, शेवटचं कळलं. "तुमी काय मुद्दाम म्हनाला?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, माज्या डोल्यामुलं सायबांचं काम बिगडलं का?"

"नाही," डॉक्टरच म्हणाले.

"मंग तो डोल्या आता पुसनार तुमी?"

"पुसता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "एकदा छापलं की आमच्यात पुसत नाहीत. चुकलेलं नाव खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरांत लिहितात. पुढे जो कुणी निवटीबद्दल लिहील, त्याला ते तिथे लिहावंच लागतं."

"मंजे वर निवटी आनि खाली डोल्या?"

"हो."

"कायमचं?"

"कायमचं."

तिनं हात पुढे केला. माझ्या पिशवीत ती प्रत अजून होती, मी दिली. डॉक्टरांनी शिसपेन्सिलीनं त्या पानाच्या समासात आधी निवटी लिहिलं, त्याच्या खाली डोल्या. कुठलं अक्षर कुठलं, ते बोट ठेवून दाखवलं. चिखलानं भेगाळलेलं बोट हिरूबायनं वरच्या शब्दावर ठेवलं, मग खालच्या शब्दावर आणलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "वर त्याचं, खाली माजं."